अर्ध्या सुरानं उतरवलेल्या तारा

त्याची बहीण क्लासच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मी कॉलेजच्या दोन मुलींना गिटारवर बोटं कशी दाबायची ते दाखवत होतो. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर माझी खोली होती. दिवसभर मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकुनी करायचो, संध्याकाळी सहा ते आठ हा क्लास घ्यायचो आणि लग्नसराईत, गणपतीत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. कोल्हापुरात तेव्हा गिटार वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यातले निम्मे माझ्याकडून शिकून गेलेले.

"सर, दादाची गिटार आली," ती म्हणाली.

"कुठून?" मी विचारलं आणि विचारल्याबरोबर माझी मलाच लाज वाटली.

"अमेरिकेतनं. बोटीनं मुंबईला आली, तिथनं काल ट्रकनं. आप्पा म्हणाले, मास्तरांना बोलव. आमच्यात कुणाला वाजवता येत नाही. आईला एकदा ऐकायचीय."

तिचा भाऊ सात महिन्यांपूर्वी तिकडं गेला होता. गेला म्हणजे वारला. इंजिनिअरिंग शिकायला म्हणून गेलेला मुलगा. थंडीतल्या एका पहाटे बर्फावरून गाडी घसरली आणि संपलं. देह इकडं आणणं झालं नाही. तिथल्या दोन मित्रांनी दहन केलं, फोटो पाठवले आणि त्याचं सामान खोक्यात भरून बोटीवर चढवलं. घरच्यांनी त्याचं शेवटचं काही बघितलं असेल तर ते फोटो.

तो चार वर्षं माझ्याकडं शिकला होता. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत कान त्याचा सगळ्यांत चांगला. परीक्षेच्या दिवसांतसुद्धा क्लास चुकवायचा नाही. जाताना पाया पडला होता आणि म्हणाला होता, "सर, तिकडनं लिहीन तुम्हाला." त्यानं लिहिलं. एकच पत्र, परदेशाहून येतं तसलं निळं, पातळ, घडीचं पत्र. ते आलं तेव्हा माझी बदली राधानगरीला धरणावर झाली होती. पावसाळा होता, भिंतींना बुरशी धरलेली, अंथरूण वाळत नव्हतं. त्या कोंदट खोलीत कंदील जवळ ओढून मी ते वाचलं.

त्यानं लिहिलं होतं की कॉलेज सोडून वर्ष झालं. जमत नव्हतं आणि घरी सांगायची हिंमत नव्हती. तो एका कारखान्यात पहाटेच्या पाळीला जातो. तिथं कोंबड्या कापून, साफ करून पाकिटात भरतात. "माझं काम पट्ट्यावरनं येणाऱ्या कोंबड्या उचलून लटकवायचं आहे. पहिले पंधरा दिवस जेवण गेलं नाही. आता सवय झाली. या पगारातनं मी गिटार घेतली. सर, घरी सांगू नका. मीच येऊन सांगीन."

घर जैनांचं. सूर्य मावळायच्या आत जेवणारं. कांद्यालासुद्धा न शिवणारं. मी काय लिहायचं त्याला? परत ये म्हणून? कॉलेजात जा म्हणून? उद्या लिहू, परवा लिहू असं करत मी ते पत्र एका वहीत ठेवलं. बदली संपवून कोल्हापूरला आलो, पत्र वहीतच राहिलं. उत्तर मी लिहिलंच नाही. मग एक दिवस बाजारात कुणीतरी सांगितलं की गूळवाल्या आप्पांचा मुलगा गेला, कॉलेजला जाताना. मी ऐकून घेतलं. तो कॉलेजला जात नव्हता, हे मला ठाऊक होतं. त्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी मी माझा अँप्लिफायर रिक्षात घालून त्यांच्या घरी गेलो. आप्पा दारातच उभे होते. शाहूपुरीच्या गूळबाजारात त्यांचं अडतीचं दुकान. अंगानं धिप्पाड, डोक्यावर काळी टोपी, आवाज सौद्यात ओरडून ओरडून फाटलेला. पण त्या दिवशी आवाज खाली होता.

"या मास्तर. बसा. पानी घ्या."

मधल्या खोलीत, देवघराच्या शेजारी पाट मांडला होता आणि पाटावर ती लांबट काळी पेटी. आई भिंतीला टेकून बसली होती. बारीक चणीची बाई, माहेर निपाणीकडचं, बोलताना शब्दाच्या शेवटी कानडी हेल यायचा. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. आप्पांनी पेटीच्या खिट्ट्या काढल्या आणि झाकण उचलायच्या आधी तिनं पेटीला हात लावून नमस्कार केला. मी खाली फरशीकडं बघत राहिलो.

गिटार काळीभोर होती. मी तसलं वाद्य फक्त मासिकांतल्या चित्रांत बघितलं होतं. हातात घेतल्याबरोबर वजन कळलं, मानेचं लाकूड तळव्यात बसलं. माझी गिटार कलकत्त्याची होती. मान वाकलेली, तारा बोटाला कापायच्या. आणि या गिटारला आणखी काहीतरी होतं. तारा जिथं अंगावर येऊन टेकतात ती ब्रिज, सतारीला असते ती घोडी म्हणा, पक्की बसवलेली नव्हती. दोन खिळ्यांवर तिची धारदार कड नुसती टेकलेली, जरा बोट लावलं तरी डुलायची. तिच्यातून एक स्टीलची दांडी बाहेर आलेली. वर मानेच्या टोकाला तारांवर तीन छोट्या चिमट्या आवळलेल्या, म्हणजे तारा दोन्हीकडून जखडलेल्या. खुंट्या फिरवल्या तरी सूर हलणार नाही. चिमट्या उघडायच्या बारक्या किल्ल्या पेटीच्या खणात होत्या.

आप्पा वाकून बघत होते. "हे डुलतंय कसं? मोडलंय का काय?"

मी गिटार उलटी केली. मागच्या बाजूला एक खाच होती आणि तिच्यात तीन स्प्रिंगा ताणलेल्या. मलाही नीट कळत नव्हतं. आप्पांनी मात्र एकदा पुढनं बघितलं, एकदा मागनं, आणि म्हणाले, "हा काटाच की हो. बघा, काट्याची दांडी अशीच धारंवर टेकलेली असती. एका पारड्यात तारा, दुसऱ्यात स्प्रिंगा. दोनी सारख्या वडत्यात म्हनून सरळ उभा हाय." तेवढं बोलताना त्यांचा चेहरा जरा उजळला. मुलगा गेल्यापासून त्यांनी कशात लक्ष घातलेलं मला पहिल्यांदाच दिसलं.

मी वायर जोडली आणि एक सूर छेडला.

तो आवाज मी आजवर विसरलेलो नाही. एकच तार, पण खोली भरून गेली आणि सूर विरायचं नावच घेईना. मी दांडी हळूच दाबली. सूर खाली खाली घसरत गेला, इतका की तारा सैल पडून लोंबल्या. आता सगळं बेसूर झालं असं मला वाटलं, कारण माझ्या पहिल्या गिटारलाही दांडी होती आणि ती एकदा दाबली की दहा मिनिटं तारा लावण्यात जायची. वैतागून मी ती काढूनच टाकली होती. मी दांडी सोडली. सूर जिथनं निघाला होता तिथंच, केसभरही न चुकता परत आला. मी पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. मग एक अख्खी पकड, म्हणजे कॉर्ड, वाजवून दाबली. सहाही तारा एकदम बुडाल्या आणि एकदम वर आल्या.

खरं सांगतो, त्या दहा मिनिटांत मी विसरलो की मी कुणाच्या घरात बसलोय. मी हसत होतो. मान वर केली तेव्हा आई माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. पण माझं हसू जिथल्या तिथं आटलं.

"मास्तर," ती म्हणाली, "बस्तीतली आरती वाजवा की. त्यो हितं बसून वाजवायचा. मी म्हनायची, त्यो वाजवायचा."

बस्ती म्हणजे त्यांचं जैन मंदिर. ती आरती मीच त्याला बसवून दिली होती. मी वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आई गुणगुणायला लागली. सात महिन्यांत ती देवळातसुद्धा गायली नव्हती, हे बहिणीनं मला नंतर सांगितलं. बारीक आवाज, पण सुरात. बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आप्पा टोपी काढून मांडीवर घेऊन बसले होते.

आणि माझा कान खाजत होता. मी वाजवत होतो एक आणि ऐकू येत होतं दुसरं. ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं एकाच पट्टीत वाजवून माझ्या कानाला त्या पट्टीची सवय लागलेली, आणि ही गिटार बरोबर एक पट्टी, म्हणजे अर्धा सूर खाली होती. आरती संपली. मी खिशातून सूर मिळवायची शिट्टी काढून फुंकली. माझं बरोबर होतं.

"प्रवासात उतरलीय," मी म्हणालो. "समुद्राची हवा लागली असणार. एक मिनिट, सुरात लावतो. मग ऐका."

"चांगली लागली हुती की," आई म्हणाली.

"नाही, नाही. आणखी चांगली लागेल."

सहाही तारा सारख्याच उतरल्या होत्या. समुद्राची हवा अशी मोजून तारा उतरवत नाही. एखादी पाव सूर, एखादी पाऊण, असं झालं असतं. हे मला कळायला पाहिजे होतं. वीस वर्षं वाद्य हाताळणाऱ्या माणसाला कळायला पाहिजे होतं. पण मी मास्तर होतो आणि मला माझं मास्तरपण दाखवायचं होतं.

मी किल्ली घेतली आणि मानेवरच्या तिन्ही चिमट्या सोडवल्या. सहावी तार चढवून जागेवर आणली. पाचवी चढवली. चौथीकडं वळलो तर सहावी पुन्हा उतरलेली. परत तिला चढवलं, तर पाचवी ढिली. तिकडं ती घोडी हळूहळू पुढं झुकत चालली होती. आप्पांनी सांगितलेला काटा माझ्या डोळ्यांसमोर होता, पण डोक्यात शिरत नव्हता. एका पारड्यात भर घातली की सगळंच कलतं. मला घाम फुटला. खोलीत नुसता तारांचा कुंईं कुंईं आवाज. मी जोर करून पहिली, सगळ्यांत बारीक तार चढवायला लागलो. ती गंजलेली होती.

तार तुटली ती माझ्या मनगटावर सपकन बसली. त्याच क्षणी मागच्या स्प्रिंगांनी घोडी आपल्याकडं ओढली आणि उरलेल्या पाचही तारा एकदम वर चढल्या. अँप्लिफायर चालूच होता. जो आवाज निघाला त्याला काय म्हणावं कळत नाही. आईनं दोन्ही कानांवर हात घेतले. ती उठली आणि आत निघून गेली.

मी अँप्लिफायर बंद केला. मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली होती.

बहीण दारातूनच म्हणाली, मला नाही, कुणालाच नाही, "म्हणजे आता दादानं लावलेलं काही राहिलं नाही."

तोपर्यंत मला ते सुचलंही नव्हतं. चिमट्या आवळून त्यानं तारा जखडल्या होत्या. त्यानंतर त्यांना कुणी हात लावला नव्हता. त्याचा देह कुणी बघितला नाही, शेवटचा शब्द कुणी ऐकला नाही. त्याच्या हातचं एवढंच, सहा तारांची जुळणी, समुद्र ओलांडून घरी आलं होतं. ते मी पाच मिनिटांत मोडून टाकलं.

"आप्पा, मी तार आणवतो. होतं तसं करून देतो."

आप्पांनी टोपी घातली. "तुमाला वाजवाय बोलावलंतं, मास्तर. दुरुस्त कराय न्हवं."

मग त्यांनी गिटार पेटीत ठेवून खिट्ट्या लावल्या. शेवटी म्हणाले, "न्या. हितं अशी पडलेली तिला बघवायची न्हाय. करून आना."

गिटार मी घरी आणली. तसल्या तारा कोल्हापुरात मिळत नव्हत्या. आमच्या ऑर्केस्ट्राचा ड्रमर मुंबईला जाणार होता, त्याला सांगितलं. तो येईपर्यंत पंधरा दिवस पेटी माझ्या पलंगाखाली होती. मी ती उघडायचो, त्या घोडीकडं बघायचो आणि बंद करायचो. मग एकदा आठवलं की त्या पत्रात त्यानं गिटारविषयी काहीतरी लिहिलं होतं. कोंबड्यांचं वाचल्यावर पुढचं मी नुसती नजर फिरवून सोडून दिलं होतं. त्या पत्राची जी घडी आत दुमडतात, तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं, राधानगरीच्या दमटपणानं शाई पसरलेली.

वहीतून पत्र काढून मी खिडकीशी नेऊन वाचलं.

"सर, या गिटारची गंमत सांगतो. घोडी नुसती टेकलेली असते. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात. म्हणून घाई करायची नाही. सगळ्या तारा थोड्या थोड्या, फिरून फिरून लावायच्या. मला पहिल्यांदा तीन दिवस लागले. मी सगळ्या तारा अर्ध्या सुरानं खाली ठेवतो. इथली पोरंही ठेवतात, पण माझं कारण वेगळं आहे. आईची पट्टी ती आहे. मी आरती वाजवतो तेव्हा मनात तिचा आवाज लावतो, तो बरोबर बसतो."

मी खाटेवर बसलो. बायको आतून चहा घेऊन आली आणि माझं तोंड बघून कप तसाच खाली ठेवून गेली.

तारा आल्या. त्यानं लिहिलं होतं तसंच केलं. घाई केली नाही. घोडीखाली फडक्याची घडी सारली, एकेक तार बदलली आणि तीन संध्याकाळी क्लास बंद ठेवून सगळ्या फिरून फिरून लावल्या, अर्ध्या सुरानं खाली. चौथ्या दिवशी चिमट्या आवळल्या. दांडी दाबून सोडली, सूर जागेवर आला. तेच सूर होते, पण लावलेले माझे होते.

आईला ते पत्रातलं वाचून दाखवायचं असं माझ्या मनानं घेतलं होतं. तिच्यासाठी त्यानं तारा उतरवल्या होत्या, हे तिला कळायला पाहिजे. पण पत्राचा तो एकच कागद. एका बाजूला कारखाना, दुसऱ्या बाजूला आरती. घडी फाडून अर्धं द्यावं, तर त्या घडीच्या पाठीवर "घरी सांगू नका" लिहिलेलं. दोन दिवस मी तो कागद उलटासुलटा करत राहिलो. शेवटी आप्पांच्या दुकानी गेलो.

सौदा संपला होता. हमाल गुळाच्या ढेपा रचत होते, माश्या घोंघावत होत्या. आप्पा गादीवर बसले होते. मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

"तुमच्या मुलाचं आहे. मला लिहिलेलं. दोन वर्षांपूर्वीचं."

त्यांनी चष्मा लावला. अक्षर ओळखून कागदावरून एकदा अंगठा फिरवला. मग वाचायला लागले. ते ओठ हलवत वाचायचे. मधेच ओठ थांबले. थोड्या वेळानं पुन्हा हलायला लागले. घडी उलटून त्यांनी मागचंही वाचलं. मग परत पहिल्यापासून.

"कोंबड्या," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून गादीवर ठेवला.

"म्हंजे त्या दिवशी त्यो कालेजला चाललेला न्हवता."

"नाही."

"तिकडं चाललेला."

"हो, आप्पा."

"तुमाला ठावं हुतं."

"हो."

"दोन वरसं."

"मला काय करावं ते कळलं नाही."

"मला सांगायचं हुतं की!" ते एकदम ओरडले. हमाल थबकून बघायला लागले. आप्पांनी हात हलवून त्यांना लांब जायला सांगितलं. आवाज खाली आला तेव्हा तो आवाज त्यांचा वाटत नव्हता. "मी गेलो असतो की आनाय. इमानात बसनं म्हंजे काय ठाऊक न्हाय मला, पन गेलो असतो. कान धरून आनला असता. जिता."

ते म्हणत होते ते खरं होतं.

मी म्हणालो, "मागच्या बाजूला आईंचं लिहिलंय. त्यांच्या पट्टीत तारा लावल्याचं. ते तरी त्यांना..."

"कसं सांगू?" आप्पांनी पत्राची घडी घातली. "कुटनं कळलं म्हनंल. पत्र मागंल. वाचता येतं तिला. ती गिटार देवघराच्या बगलंला ठिवलीती तिनं. रोज हात जोडायची. कशाच्या पगारातनं आली, ते कळलं तर काय करंल, सांगा की तुमी."



त्यांनी पत्र बंडीच्या आतल्या खिशात घातलं. "ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. आनि एक ऐका, मास्तर. गिटार आनून द्या. पन पुन्यांदा घरला येऊ नका."

"आप्पा, मी..."

"रागानं म्हनत न्हाय. तुमच्या तोंडावर दिसतं. त्या दिवशी तिनं पेटीला नमस्कार केला, तवा तुमी खाली बघितलं. मला तवाच वाटलं, ह्यांच्या पोटात काय तर हाय. आज मला दिसलं, उद्या तिला दिसंल."

दुसऱ्या दिवशी मी पेटी पोचवली. आप्पा दारातच थांबले होते, त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. आतून आई आली, पदराला हात पुसत.

"आली व्हय? लागली का?"

"लागली," मी म्हणालो. "होती तशी."

"मग बसा की. वाजवा. त्या दिवशी कसं माझ्या गळ्याला बरोबर लागलंतं. येवढं त्यो हितं असताना बी कधी लागलं न्हवतं."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी फाटकाच्या बाहेर उभी असलेली रिक्षा दाखवली. "घाई आहे जरा. कार्यक्रम आहे सांगलीला."

"मास्तरांस्नी कामं असत्यात," आप्पा म्हणाले. "आत चल."

आई पेटीकडं बघत होती आणि मी रिक्षाकडं चाललो होतो. सांगलीला कसलाही कार्यक्रम नव्हता. मी घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपलो.

पुढं चार-पाच महिन्यांनी त्याची आई मला राजारामपुरीत भाजीवाल्यांच्या रांगेत भेटली. पिशवीत पडवळ, दोडके. अंगानं आणखी वाळली होती. मी तोंड फिरवायच्या आत तिनं हाक मारली.

"मास्तर, आमच्यावर रागावलासा काय?"

"छे छे. तसं काही नाही."

"मग येत का न्हाईसा? पोरगी म्हनली तुमाला तार तुटल्याचं लई लागलं. आवो, तार हाय, तुटायचीच." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "घरात त्याचं नाव कोन काढत न्हाय. ह्यांच्याम्होरं काडलं तर उठून दुकानात जात्यात. पोरीचं लगीन ठरलंय, ती बी जानार. त्याच्याबद्दल बोलायला तुमीच एक."

"सध्या ऑर्केस्ट्राचा सीझन आहे," मी म्हणालो. "रोज कुठं ना कुठं जावं लागतं."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी भाजीच्या ढिगाकडं बघत एक वांगं उचललं, दाबून बघितलं, परत ठेवलं.

"बरं," ती म्हणाली. "सीझन संपला की या."

"येतो."

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी तिथंच उभा होतो. सीझन संपला, गणपती आले आणि गेले. तिच्याकडं मी गेलो नाही. भाजीवाल्यांच्या त्या रस्त्यानंही मग मी क्लासला जायचं बंद केलं. दवाखान्याच्या मागच्या बोळातून जायला लागलो.